ताजा कलमातच तुमचा निबंध आहे

पत्र: चित्रपट अभ्यासाच्या वर्गासाठी ‘बायसिकल थीव्ह्ज’ या जुन्या इटालियन चित्रपटावर दीड हजार शब्दांचा विश्लेषणात्मक निबंध लिहायचा आहे. पहिला खर्डा शिक्षकांनी परत केला. वर शेरा: ‘गोष्ट मला माहीत आहे. विश्लेषण कुठे आहे?’ मी चित्रपट दोनदा पाहिला, पाच-सहा परीक्षणं वाचली, छायाचित्रण, संगीत, अभिनय, दिग्दर्शन अशा प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहिला. आणखी काय करायचं असतं? चित्रपट किती वेळा पाहायचा? तांत्रिक शब्द वापरलेच पाहिजेत का? एखादी गोष्ट आवडली नाही, असं लिहिलं तर चालतं का? हातात दहा दिवस आहेत.
ता. क. – गहाणाच्या पेढीतला चादरींचा तो ढीग पाहून मला एकदम दडपण आलं होतं, पण ते निबंधात कुठे बसवावं तेच कळलं नाही.
– एक विद्यार्थिनी

उत्तर: तुम्ही जे ताजा कलमात टाकलंत, तिथून सुरुवात करायची होती. पत्राच्या मुख्य भागात तुम्ही काय काय केलंत याची यादी आहे. तुम्ही स्वतः काय पाहिलंत हे मात्र शेवटच्या दोन ओळींत आलंय, आणि निबंध त्या दोन ओळींतूनच निघणार आहे. तो कसा काढायचा ते सविस्तर सांगतो, पण त्याआधी खर्डा का परत आला ते बघू.

सोबत पाठवलेल्या खर्ड्याच्या पहिल्या पानाला एक साधी कसोटी लावून पाहा. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, हा चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही हे वाक्य लिहिता आलं असतं का? ‘युद्धानंतरच्या बेकारीत सापडलेल्या आंतोनियोला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळते, पण पहिल्याच दिवशी त्याची सायकल चोरीला जाते’ हे कथासार वाचूनही लिहिता येतं. ‘छायाचित्रण अप्रतिम आहे’ हे तर कुठल्याही चित्रपटाबद्दल लिहिता येतं. आणि ‘सिनेमा हा समाजाचा आरसा असतो’ हे तुमचं पहिलं वाक्य कुठलाही चित्रपट न पाहता लिहिता येतं. या कसोटीवर तुमच्या पानातलं एकही वाक्य टिकत नाही. शिक्षकांचा शेरा कडक वाटला असेल, पण चुकीचा नाही.

तुम्ही परीक्षणं वाचून परीक्षण लिहिलंत, घोटाळा तिथे झाला. परीक्षण हे चित्रपट न पाहिलेल्या माणसासाठी असतं. पाहावा की नाही एवढं त्याला ठरवायचं असतं, म्हणून त्यात थोडी गोष्ट, थोडा अभिनय, थोडं संगीत आणि शेवटी निकाल असतो. विश्लेषणाचा वाचक चित्रपट पाहून बसलेला असतो. त्याला गोष्ट नको आणि निकालही नको. ‘मी हेच पाहिलं, मग हे माझ्या लक्षात का आलं नाही?’ असं त्याला वाटलं पाहिजे. खात्यांप्रमाणे परिच्छेद पाडण्याची सवयही परीक्षणातूनच येते. छायाचित्रणाचा परिच्छेद, संगीताचा परिच्छेद असं वाटप केलं की प्रत्येक परिच्छेद पहिल्यापासून सुरू होतो आणि कुठेच पोचत नाही.

आता चादरींकडे. ‘दडपण आलं’ ही प्रतिक्रिया झाली. ती निबंधात तशीच जाणार नाही, पण तिच्यामुळे एक प्रश्न विचारता येतो: पडद्यावर असं काय घडलं की दडपण यावं? नोकरीला लागणारी सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकणं हे दुःखदच आहे, पण त्याने फार तर वाईट वाटेल. दडपण यायला आकार लागतो. ते दृश्य आठवून पाहा. पेढीतला कर्मचारी त्यांचं गाठोडं घेऊन उंच मांडणी चढतो, कॅमेरा त्याच्यामागे वर जातो आणि तशाच गाठोड्यांनी भरलेले खण एकावर एक दिसत जातात. म्हणजे एका घराची गरिबी दाखवता दाखवता चित्रपट अचानक शेकडो घरांची दाखवून मोकळा होतो, तेही एकही शब्द न बोलता.

पुढचा प्रश्न: हे आणखी कुठे होतं का? होतं. चोरीनंतर बाजारात शोधाशोध चालते तेव्हा सायकलींचे सांगाडे, टायर, पंप, घंटा यांच्या राशीच्या राशी दिसतात. एक सायकल शोधायला आलेला माणूस सायकलींच्या ढिगापुढे उभा राहतो. शेवटाकडे स्टेडियमबाहेर सायकलींची रांगच्या रांग उभी आहे आणि आंतोनियो समोर पदपथाच्या कडेला बसलाय. अगदी शेवटी तो आणि त्याचा मुलगा ब्रूनो गर्दीत मिसळून जातात. आणि सुरुवात? कामवाटपाच्या कचेरीसमोर बेकारांचा घोळका जमलाय, नाव पुकारलं जातंय आणि आंतोनियो त्या घोळक्यात नाहीच. तो दूर बसलाय, कुणीतरी धावत जाऊन त्याला बोलावून आणतं. गर्दीपासून वेगळा बसलेला माणूस शेवटी त्याच गर्दीत दिसेनासा होतो. एका चादरींच्या ढिगापासून तुम्ही इथवर आलात.

यातून मुख्य विधान तयार करायचं. निबंध पडतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून जरा थांबू.

‘हा चित्रपट गरिबीचं प्रभावी चित्रण करतो’ हे विधान नव्हे, कारण याच्या उलट कुणी म्हणणारच नाही. ज्याला कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही ते सिद्धही करता येत नाही. ‘या चित्रपटात गर्दीला महत्त्व आहे’ हे थोडं बरं, पण महत्त्व कसलं आणि कशासाठी, हे त्यात नाही. आता हे पाहा: ‘आंतोनियोला त्याची सायकल एकमेव वाटते, पण चित्रपट तिला वारंवार ढिगात, रांगेत आणि गर्दीत नेऊन ठेवतो, त्यामुळे त्याचं नुकसान कमी होत नाही, उलट त्यावर उपाय एकट्याने शोधता येणार नाही हे त्याच्या आधी आपल्याला कळतं.’ इथे वाद घालता येतो. कुणी म्हणेल, उपाय सुचवणं हा या चित्रपटाचा विषयच नाही. कुणी म्हणेल, ही गर्दी केवळ शहराची पार्श्वभूमी आहे. वाद घालता येतोय म्हणजे विधान जिवंत आहे. शिवाय यात ‘काय’, ‘कसं’ आणि ‘म्हणून काय’ हे तिन्ही भाग आहेत. तुमच्या विधानात तिसरा भाग सापडत नसेल तर तुमच्याकडे निरीक्षण आहे, विधान अजून नाही. हे माझं विधान उचलू नका, हे सांगायला नकोच. तुमच्या दडपणाचं कारण वेगळंही असू शकेल.

किती वेळा पाहायचा? पूर्ण चित्रपट दोनदा पुरतो आणि ते तुमचं झालंय. आता अख्खा चित्रपट पुन्हा लावू नका, तीनचार दृश्यं निवडा आणि प्रत्येक दहा वेळा पाहा. एकदा आवाज बंद करून पाहा, म्हणजे हालचाल आणि चौकटीची रचना दिसते. एकदा डोळे मिटून फक्त ऐका. संगीत नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, गर्दीचा गलबला कधी वाढतो, शांतता कुठे येते, हे चित्र समोर असताना निसटतं. मग थांबवत थांबवत शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, मोजा.

मोजण्यासाठी कागदावर सात रकाने आखा: शॉटचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी सेकंदांत, शॉटचा आकार (लाँग, मिड, क्लोज-अप), कॅमेऱ्याची जागा आणि हालचाल, आवाज, आणि चौकटीत काय आहे. आठवा रकाना ‘अर्थ’ असा आखायचा मोह होईल, तो आखू नका. अर्थाचा रकाना असला की माणूस आधी तोच भरतो आणि मग बाकीचे त्याला जुळतील असे भरतो. दोन-तीन मिनिटांच्या दृश्याला तास-दीड तास लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण निबंधाचं खरं भांडवल हेच.

आकड्यांचा उपयोगही सांगतो. समजा १५० सेकंदांच्या दृश्यात ३० शॉट आहेत, म्हणजे सरासरी ५ सेकंद. त्यातला एकच शॉट २२ सेकंद टिकत असेल तर चित्रपट तिथे रेंगाळलाय. तो का रेंगाळला, हा तुमचा परिच्छेद. फक्त सरासरी लिहून थांबलात तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. शेजारच्या दृश्याशी तुलना केली तरच तो बोलतो.

वेळा लिहिताना तुम्ही कुठली प्रत पाहताय हे आधी नोंदवा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट काही जुन्या व्हिडिओ प्रतींमध्ये २५ च्या वेगाने चालवलेला असतो. फरक साधारण ४ टक्क्यांचा, पण दीड तासाच्या चित्रपटात तो साडेतीन मिनिटांच्या वर जातो आणि तुम्ही दिलेल्या वेळेला शिक्षकांच्या प्रतीत भलतंच दृश्य लागतं. दुसरं, हा १९४८ चा चित्रपट आहे. त्याची चौकट आजच्या पडद्यापेक्षा बरीच चौरसाकडे झुकणारी आहे. तुमच्या प्रतीत चित्र पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंत पसरलेलं असेल आणि बाजूला काळ्या पट्ट्या नसतील, तर ते ताणलेलं तरी आहे किंवा वरून-खालून कापलेलं तरी. चादरींच्या मांडणीसारखं सगळं काम उंचीवर चालणारं दृश्य अशा प्रतीवरून तपासणं म्हणजे खिडकी अर्धी बंद ठेवून पाऊस मोजणं.

आता परिच्छेद. तुमच्या खर्ड्यातलं वाक्य असं आहे: ‘गहाणाच्या पेढीच्या दृश्यात दिग्दर्शकाने उत्तम कॅमेरा अँगल वापरून गरिबीची दाहकता दाखवली आहे.’ ‘उत्तम’ हा तुमचा निकाल, ‘दाहकता’ हा वर्तमानपत्री शब्द आणि ‘कॅमेरा अँगल’ म्हणजे नेमका कुठला ते नाही. तिन्ही काढले तर उरतं, ‘पेढीच्या दृश्यात गरिबी आहे.’ हेच असं लिहिता येईल:

‘चादरींचं गाठोडं आत जातं तेव्हा चित्रपट त्या गाठोड्याची पाठ सोडत नाही. कर्मचारी ते घेऊन मांडणी चढू लागतो आणि कॅमेरा त्याच्यासोबत वर जातो. एक खण, त्यावर दुसरा, त्यावर आणखी. सगळीकडे तशीच गाठोडी. पूर्ण मांडणी एका लाँग शॉटमध्ये आधीच दाखवता आली असती. मग ती नुसती जागेची माहिती झाली असती. इथे ती चढत्या माणसाच्या गतीने उलगडते, त्यामुळे प्रेक्षक नकळत मोजू लागतो आणि मोजणं अर्ध्यात सोडून देतो. आंतोनियोच्या बायकोने, मारियाने, घरून आणलेल्या चादरी कुठल्या, हे शोधणं तोवर अशक्य झालेलं असतं. पुढे बाजारात आंतोनियोची जी गत होणार आहे, तिची तालीम आपल्याकडून इथेच करून घेतलेली आहे.’

यात पहिल्या चार वाक्यांत फक्त पडद्यावर जे दिसतं ते आहे. पाचव्या-सहाव्या वाक्यात ‘असं न करता तसं केलं असतं तर’ हा प्रश्न आहे. हे हत्यार हाताशी ठेवा. दिग्दर्शकाने निवडलेली गोष्ट डोळ्यांत भरत नसेल तर त्याने न निवडलेली मनात मांडून बघा, फरक लगेच दिसतो. त्यानंतर प्रेक्षकावर होणारा परिणाम येतो आणि शेवटच्या वाक्यात हे दृश्य दुसऱ्या दृश्याला, म्हणजेच मुख्य विधानाला जोडलं जातं. प्रत्येक परिच्छेद याच साच्यात ओतू नका, तीन परिच्छेदांत तो उघडा पडेल. पण पाहिलेलं, त्याचा परिणाम आणि विधानाशी दुवा यांतलं काहीही गाळलं तर परिच्छेद लंगडतो. बहुतेकांचा दुवा गळतो. माझं वर्णन तुमच्या प्रतीशी ताडून घ्या आणि शॉटची लांबी स्वतः मोजून घाला.

तांत्रिक शब्दांचं उत्तर सोपं आहे. जिथे त्या शब्दाने एक वाक्य वाचतं तिथे वापरा. ‘क्लोज-अप’, ‘पॅन’, ‘टिल्ट’, ‘ट्रॅकिंग शॉट’, ‘डिझॉल्व्ह’ (एक चित्र विरत दुसरं उमटणं) यांना पर्याय शोधत बसू नका, वाचक ते ओळखतो. मात्र पॅन आणि ट्रॅकिंग यांत गल्लत करू नका. पॅनमध्ये कॅमेरा जागेवर उभा राहून आडवा वळतो, टिल्टमध्ये जागेवरच वर-खाली वळतो, आणि ट्रॅकिंगमध्ये कॅमेरा स्वतः सरकतो. खात्री नसेल तर ‘कॅमेरा वर जातो’ असं साधं लिहा. चुकीच्या संज्ञेपेक्षा साधं क्रियापद कधीही चांगलं.

अभिनयाबद्दल लिहिताना सर्वांत जास्त सावध राहा. ‘आंतोनियोच्या डोळ्यांत हताशपणा स्पष्ट दिसतो’ असं तुम्ही लिहिलंय. तो खरंच डोळ्यांत आहे की आधीच्या शॉटमुळे तुम्हाला तिथे दिसतोय? सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने १९२० च्या आसपास एक प्रयोग केल्याचं प्रसिद्ध आहे. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या चित्रांना जोडला, त्यांत सूपचा वाडगा होता आणि शवपेटीही होती. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना कुठे भूक दिसली, कुठे शोक. म्हणजे ज्याचं श्रेय आपण नटाला देतो ते पुष्कळदा संकलकाचं असतं. आंतोनियोचं काम करणारे लांबेर्तो माज्जोरानी व्यवसायाने नट नव्हते, कारखान्यातले कामगार होते, म्हणून इथे हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. अभिनयावर लिहायचंच असेल तर चेहऱ्याचा भाव सोडा आणि शरीर काय करतं ते लिहा: किती वेगाने चालतो, मुलाच्या पुढे की मागे, हात कुठे असतात. बाप-लेकाच्या चालण्यातलं अंतर हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे, आणि तो मोजता येतो.

‘दिग्दर्शकाला असं म्हणायचं आहे की’ ही शब्दरचना खर्ड्यात चार वेळा आहे. चारही काढा. दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं ते त्याच्या मुलाखतीवरून सांगता येईल. चित्रपटावरून एवढंच सांगता येतं की चित्रपट काय करतो. ‘चित्रपट सुचवतो’, ‘हा कट जोडतो’, ‘चौकट त्याला कोपऱ्यात ढकलते’ असं लिहिलं की कर्ता बदलतो आणि पुरावा आपोआप मागितला जातो.

प्रतीकांचाही एक सापळा असतो. सायकलच्या ‘फिदेस’ या नावाचा अर्थ श्रद्धा किंवा विश्वास असा होतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलंत आणि त्यावर अख्खा परिच्छेद रचलात. माहिती बरोबर आहे, पण ती शब्दकोशातून आली, पडद्यावरून नाही. चित्रपट त्या नावावर कॅमेरा थांबवतो का? ते पुन्हा येतं का? उत्तर नाही असेल तर एक वाक्य पुष्कळ झालं. याउलट शीर्षकात खरा माल आहे. मूळ इटालियन शीर्षकात चोर आणि सायकली हे दोन्ही शब्द अनेकवचनी आहेत. अमेरिकेत मात्र चित्रपट ‘द बायसिकल थीफ’ या एकवचनी नावाने प्रदर्शित झाला, आणि तिथे दुसरा चोर नाहीसा झाला. शेवटी आंतोनियो स्वतः सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो, हे लक्षात घेतलं तर हा फरक व्याकरणापुरता राहत नाही. ‘एक’ आणि ‘अनेक’ यांवर निबंध उभा करणार असाल तर हे तुमच्याच बाजूने बोलतं.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. इटालियन येत नसेल तर संवादातल्या एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभारू नका. तुम्ही जे वाचताय ते उपशीर्षक आहे, आणि वाचता यावं म्हणून ते आखडलेलं असतं. आवाजाची चढउतार, कोण कुणाचं बोलणं तोडतं, कोण गप्प राहतं, हे मात्र भाषा न येताही ऐकता येतं.

नववास्तववादावर, म्हणजे हा चित्रपट ज्या चळवळीतला मानला जातो तिच्यावर, तुम्ही तीनशे शब्द खर्च केलेत. तेवढ्यात निबंधाचा पाचवा हिस्सा गेला आणि चित्रपट सुरूही झाला नाही. युद्धोत्तर इटली, रोमच्या रस्त्यांवरचं चित्रीकरण, अव्यावसायिक नट एवढं ऐंशी शब्दांत बसतं. या शिक्क्याचा तोटा असा की ‘वास्तव दाखवलं आहे’ म्हटलं की विद्यार्थी पाहणं थांबवतो, जणू कॅमेरा रस्त्यावर ठेवला आणि चित्रपट आपोआप घडला. आंतोनियो सुरुवातीला गर्दीबाहेर आणि शेवटी गर्दीत, ही रचना आहे. ती कुणीतरी केलेली आहे. सिद्धांतांचंही तेच: त्यामुळे तुम्हाला एखादा शॉट नव्याने दिसत असेल तर घ्या, नुसता भारदस्तपणा येत असेल तर सोडा.

आता विधानाच्या विरुद्ध जाणारं दृश्य. हा भाग विद्यार्थी टाळतात, आणि माझ्या मते निबंधाची पत इथेच ठरते. खानावळीचं दृश्य घ्या. ब्रूनोला थप्पड मारल्यानंतर बाप त्याला जेवायला नेतो. तिथे ढीग नाही, रांग नाही. बाप, मुलगा आणि पलीकडच्या टेबलावरचा श्रीमंत घरचा पोरगा. ‘चित्रपट व्यक्तीला सतत गर्दीत ढकलतो’ हे विधान इथे लागू पडत नाही. लपवू नका, स्वतःच काढून दाखवा. मग एक तर विधान आवळा (‘सतत’ काढून ‘तो एकटा उपाय शोधतो तेव्हा तेव्हा’ करा), किंवा हा अपवाद काय काम करतो ते सांगा: शोध थांबवल्यावरच हे दोघं दोघं म्हणून दिसतात, आणि जेवता जेवता आंतोनियो पुन्हा पगाराचा हिशेब मांडू लागतो तसा तो निवांतपणा विरतो. मी दुसरा मार्ग घेतला असता, पण पहिलाही प्रामाणिक आहे.

दीड हजार शब्दांची वाटणी ढोबळपणे अशी ठेवा. प्रस्तावना १५० शब्दांची आणि तिच्या शेवटी मुख्य विधान. संदर्भ ८० ते १००. तीन दृश्यांना मिळून हजारभर, पण समान नाही. सगळ्यांत श्रीमंत दृश्याला साडेचारशे द्या, सगळ्यांत लहानाला अडीचशे पुरतील. विरुद्ध जाणाऱ्या दृश्याला १५०. उरलेल्या शंभरात शेवट. कथासार सगळं मिळून १०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेही सलग न देता त्या त्या दृश्यापाशी एका वाक्यात द्या. दृश्यांचा क्रम चित्रपटातलाच हवा असं नाही. तोच ठेवलात तर निबंध पुन्हा गोष्ट सांगू लागण्याचा धोका वाढतो.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा. आरशाचं वाक्य जाऊ द्या आणि थेट एखाद्या शॉटने सुरुवात करा. मांडणी चढणारा माणूस असताना आरसा कशाला हवा? शेवटाच्या परिच्छेदात विधान नव्या शब्दांत घोळवू नका. तीन दृश्यं तपासल्यावर जे सुरुवातीला म्हणता आलं नसतं ते एक वाक्य तिथे लिहा. तसं काही नसेल तर साठ शब्दांत थांबा, गुण जाणार नाहीत.

बारीकसारीक गोष्टी: चित्रपटातल्या घटना वर्तमानकाळात लिहा (‘आंतोनियो धावतो’), निर्मितीच्या घटना भूतकाळात (‘प्रदर्शित झाला’). पात्राचं नाव वापरा, नटाचं फक्त अभिनयाच्या मुद्द्याला. एकाच पात्राला एकदा ‘नायक’, एकदा ‘आंतोनियो’, एकदा ‘बाप’ म्हणायचं असेल तर त्यामागे कारण असू द्या. दुसऱ्याच्या लेखातला मुद्दा घेतलात तर तिथेच त्याचं नाव लिहा. वाचलेली परीक्षणं आता बाजूला ठेवा आणि तुमची तीन दृश्यं लिहून झाल्यावरच पुन्हा उघडा, नाहीतर चादरी सोडून तुम्ही परत ‘फिदेस’कडे जाल.

‘आवडलं नाही’ लिहिता येतं, पण ते विधानाचं काम करत असेल तरच. बाजारातली शोधाशोध लांबलेली वाटली, असं तुम्ही खर्ड्यात म्हणालात. ‘ती लांबली आहे’ हा निकाल झाला. किती लांबली, त्यात किती वेळ सायकलीचे सुटे भाग दिसतात आणि किती वेळ माणसं, हे मोजा. कदाचित तो कंटाळा आंतोनियोच्या थकव्याशी जुळेल आणि चित्रपटाच्या बाजूने जाईल. कदाचित जुळणार नाही, मग तीच तुमची टीका, आणि तिला हाताशी आकडे असतील.

दहांपैकी पहिले तीन दिवस रकाने भरण्यात घालवा, एक अक्षरही न लिहिता. चौथ्या दिवशी विधानाची पाच-सहा रूपं लिहा आणि प्रत्येकाला ‘याला नाही कोण म्हणेल?’ असं विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी रोज एक दृश्य. आठव्या दिवशी विरुद्ध जाणारं दृश्य, शेवट आणि मग प्रस्तावना. नवव्या दिवशी ‘अप्रतिम’, ‘प्रभावी’, ‘सुंदर’, ‘दाहक’, ‘उत्कृष्ट’ हे शब्द शोधून काढून टाका. जिथे काढल्यावर वाक्य कोसळतं तिथे पाहणं कमी पडलंय, टेबलावर परत जा. दहावा दिवस मोठ्याने वाचण्यासाठी आणि वेळा पुन्हा तपासण्यासाठी. जुन्या खर्ड्यातलं एकच वाक्य नव्या निबंधात येऊ द्या, ते म्हणजे पान तीनवरचं, कंसात टाकलेलं: ‘(तो माणूस चढतच राहतो.)’ कंस मात्र काढा.